भात वाढलं

आमच्या सिल्वासातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक शेजारच्या मसाटच्या एका कारखान्यात मॅनेजर आहेत, मूळचे पुण्याचे. त्यांनी माझ्याकडे लेख मागितला तेव्हा दोन अटी घातल्या. लेख जरा हलकाफुलका असावा, आणि "तुमच्या त्या... कामाचं नाव लिहिताना जरा सांभाळून." कामाचं नाव म्हणजे दलाल. त्यांना ते तोंडावर म्हणवेना, म्हणून मीच लिहून टाकतो. दुसरी अट इथंच मोडली. पहिलीही मोडणार आहे.

सिल्वासात एका सरकारी कचेरीसमोर, बदामाच्या झाडाखाली माझं टेबल होतं. आधी टाइपरायटर, मग लॅपटॉप आणि प्रिंटर, आणि वरती कायम तीच एक निळी ताडपत्री. धुळ्याकडून आलो तेव्हा ट्रकमध्ये पोती चढवायचो. शाळा नववीत सुटली. मराठी, गुजराती, हिंदी या तिन्ही भाषांत अर्ज लिहायला मी ऐकून ऐकून शिकलो. कोणी हात धरला नाही, कोणी ओळख लावली नाही. इथं माझं आडनाव कोणाला ठाऊक नाही. सगळे 'धुळेवाला' म्हणतात.

अर्ज सगळ्या प्रकारचे लिहिले, पण माझं नाव झालं ते नुकसानभरपाईच्या कामात. बाहेरच्या माणसाला वाटतं, पाऊस पडला, शेत बुडालं, सरकारनं मदत दिली. तसं नसतं. आधी वरून हुकूम यावा लागतो. मग तलाठी गावात जातो, गावातले दोन पंच बरोबर घेतो, शेताच्या कडेला उभा राहतो, मालकाला विचारतो, मोबाइलवर फोटो काढतो आणि पंचनामा लिहितो. पिकाचा निदान तिसरा हिस्सा गेला असेल तर मदत मिळते. त्याच्याखाली गेलं असेल तर सरकारच्या लेखी काही झालेलंच नसतं. आता शेत काही तराजूत घालता येत नाही. तलाठ्याला चौथा हिस्सा दिसतो, मालकाला अर्धं दिसतं. या दोघांच्या मधल्या जागेत माझं पोट होतं. मी तिथं भाव करायचो. त्याला दलाली म्हणायची असेल तर खुशाल म्हणा. पण ज्याला घासाघीस येत नाही त्याचं शेत नेहमी चौथ्या हिश्श्यातच बुडतं, एवढं मी अनुभवानं सांगतो.

एका उन्हाळ्यात वादळ झालं. एका कोकणा आदिवासी शेतकऱ्याची आंब्याची झाडं मुळं उपटून कलली होती. तलाठी म्हणाला, नियमात पडलेलं झाड आहे, वाकलेलं नाही. मी म्हटलं, "भाऊसाहेब, तुमची मोटारसायकल या झाडाखाली लावा आणि चहा पिऊन या. लावलीत तर 'वाकलेलं' लिहा, नाही लावलीत तर 'पडलेलं' लिहा." त्यानं झाडाकडे बघितलं, नव्या मोटारसायकलकडे बघितलं आणि निमूट 'पडलेलं' लिहिलं.

आणि म्हैस. ही गोष्ट माझ्या नावाला अशी चिकटली की निघाली नाही. दमणगंगेला पूर आला त्यात एकाची म्हैस वाहून गेली. गावानं डोळ्यांनी बघितलं होतं. मी अर्ज लिहिला, पंच उभे केले. चौकशीला माणसं आली त्याच दिवशी म्हैस खालच्या गावाहून चालत परत आली. मालक घाबरून म्हणाला, "ही माझी नाय." म्हैस सगळ्यांच्या मधून चालत गेली आणि आपल्या दाव्यापाशी जाऊन उभी राहिली. कचेरी पोट धरधरून हसली. मीही हसलो. अर्ज लिहिला तेव्हा तो शंभर टक्के खरा होता, पण हे कोणाला सांगणार? त्यानंतर माझा कुठलाही अर्ज टेबलावर गेला की कारकून विचारायचा, "धुळेवाले, म्हैस कशी आहे?"

हे दोन्ही किस्से मंडळाच्या कोजागिरीला मी रंगवून सांगतो आणि इंजिनियर मंडळी टाळ्या देतात. पुढचा मी कधी सांगितला नव्हता.

त्या साली पावसाळा वेळेवर गेला होता. भात पिकून पिवळं झालं, लोकांनी कापून शेतातच वाळत घातलं, आणि मग पाऊस परत आला. उभ्या पिकाचं पावसात जेवढं बिघडत नाही तेवढं कापलेल्याचं बिघडतं. कणसं पाण्यात पडून राहतात आणि दाण्याला तिथंच कोंब फुटतात. लांबून बघाल तर शेत हिरवंगार दिसतं, जणू नुकतीच लावणी झाली आहे. जवळ गेलात की आंबूस वास येतो.

खडोलीच्या पुढं लखमीबाई नावाच्या वारली बाईचं शेत होतं. तिचा नवरा वारलेला होता आणि मुलगा खडोलीच्याच एका कारखान्यात कामाला होता. रस्त्याला लागून असल्यानं त्या शेतावर एका ट्रान्सपोर्टवाल्याचा डोळा होता. त्याला ट्रक उभे करायला जागा भाड्यानं हवी होती. मुलगा कधीचा मागे लागला होता, बाई नाही म्हणत होती. पावसानं भात गेलं आणि त्यातच पुढच्या सालचं बीही गेलं, तेव्हा मायलेकांत ठरलं. सरकारची मदत आली तर बाई बी विकत घेणार आणि शेत करणार. नाही आली तर मुलगा म्हणेल तसं.

हे तिनंच मला टेबलापाशी उभं राहून सांगितलं. तिची बोली मला लिहिता येत नाही, म्हणून आपल्या मराठीच्या जवळ आणून देतो. "भाऊ, यादीत समद्यांची नावं आली, माझं नाय. शेजाऱ्याचं आलं. पाऊस काय बांध बघून पडला?"

मी म्हटलं, "तलाठी आला होता का?"

"आला व्हता. पोरगा चांगला हाय. मला मावशी म्हणला. फोटू काढला."

"तुला काय विचारलं?"

"भाताचं काय झालं म्हणला. मी सांगितलं."

मी तडक कचेरीत गेलो. तलाठी नवा होता, शहरात वाढलेला, हिंदी-गुजराती बोलणारा. पोरगा खरंच वाईट नव्हता. त्यानं मला पंचनामा वाचून दाखवला. पीक हिरवं, मालकाच्या सांगण्यानुसार वाढ चांगली, नुकसान नाही.

"मालकाच्या सांगण्यानुसार?" मी विचारलं.

"हां धुळेवाले, मैंने दो बार पूछा. धान का क्या हुआ, मावशी? बोली, 'भात वाढलं.' मैंने पूछा, सब? बोली, 'हो, समदं वाढलं.' पंच भी खडे थे. फोटो में भी हरा है. अब मैं क्या लिखूं?"

मी त्याच्या हातातून कागद घेतला आणि ते वाक्य स्वतः वाचलं.

मंडळातल्या पोराबाळांनाही कदाचित सांगायला लागेल, म्हणून सांगतो. माझी आई कधी दिवा विझव म्हणाली नाही, दिवा वाढव म्हणायची. बांगडी फुटली तर बांगडी वाढली. जे घरात असायलाच हवं, ते गेलं असं तोंडानं म्हणायचं नाही. म्हणून उलटं बोलायचं. लखमीबाईच्या घरात तीच रीत धान्याला होती. कणगी रिकामी झाली तर भात वाढलं. शेत सडलं तरी भात वाढलंच. आणि दोन्ही पंच तिच्याच पाड्यावरचे. ती काय म्हणाली ते त्यांना इतकं सरळ कळलं होतं की यात समजावून सांगण्यासारखं काही आहे हेच त्यांच्या डोक्यात आलं नाही. त्यांनी खाली अंगठे उठवले.

तलाठ्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, मी लिहिलेलं मला खोडता येत नाही, मोठ्या साहेबांकडे जा.

मोठे साहेब लांबच्या राज्यातले, सभ्य माणूस. त्यांनी बसायला खुर्ची दिली. मी शब्दाचा अर्थ समजावला. ते ऐकत होते, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं.

"धुळेवाले," ते म्हणाले, "झुका हुआ पेड आपने गिरा दिया. बही हुई भैंस घर आ गयी. अब आप कह रहे हैं कि 'बढा' मतलब 'खतम'. थोडा तो रहम कीजिए."

मागून आमचाच मराठी कारकून म्हणाला, "भात वाढला? मग साहेब, ताटं घ्या!" सगळे हसले.

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला. म्हटलं, "साहेब, तुमच्या गावाकडं संध्याकाळी दुकानदार काय म्हणतो? दुकान बढा दी म्हणतो की नाही? मग तो काय दुकानावर मजला चढवतो?" ते म्हणाले, आवाज खाली. मी म्हटलं, आवाज माझा आहे, भाड्याचा नाही. शिपाई माझ्या दंडाला हात लावायला आला. त्यालाही मी चार शब्द ऐकवले. ते इथं छापता येणार नाहीत.

एवढं होऊनही साहेबांनी वाट ठेवली, हे मी नाकारत नाही. ते म्हणाले, "यादी अजून वर गेलेली नाही. बाईला सोमवारी घेऊन या. तिनं स्वतःच्या तोंडानं एवढंच सांगावं की भात संपलं, खराब झालं. मी लिहून घेतो."

एका शब्दाचं काम होतं. मी आयुष्यभर शब्दांचेच भाव केले होते. मला वाटलं, जिंकलो.

रविवारी मी लखमीबाईच्या घरी गेलो. ओसरीवर कोंब फुटलेल्या पेंढ्यांचा ढीग होता, अर्धा बैलांपुढं टाकून झाला होता. शेत केव्हाच गुरांनी चरून साफ केलं होतं, तेव्हा आता शेतात नेऊन दाखवायलाही काही उरलं नव्हतं. आत चुलीजवळ एका सुपात तिनं चांगले राहिलेले दाणे वेचून ठेवले होते. ते कणसरीसाठी. कणसरी म्हणजे यांची धान्याची देवी. नवं भात आधी तिला दाखवतात, मग घरातले खातात.

मी म्हटलं, "उद्या साहेबांपुढं एकच शब्द बोलायचा. भात संपलं."

तिनं घाईनं सुपावर पदर टाकला. "हळू बोल ना. ती हितंच हाय."

"कोण?"

"कणसरी. तिच्या तोंडावर संपलं म्हणू? ती उठून गेली तर पुढच्या साली कोण येल? तुझा साहेब?"

"बाई, साहेब पैसे देईल. त्यातून बी येईल."

"बी येल. पिकवील कोण?"

मी भाव करायला बसलो. म्हटलं, "इथं नको बोलू, सिल्वासात बोल. तिथपर्यंत काही ऐकू येत नाही."

"तिला समदीकडचं ऐकू येतं."

"मग हिंदीत बोल. खराब हो गया म्हण. कणसरीला हिंदी कुठं येते?"

त्यावर ती खळखळून हसली. तिची सूनही चुलीपासून हसली. "तुला येते ना हिंदी? मग तूच सांग जा."

"माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही."

"का रं?" तिनं खरोखरच विचारलं.

मी चिडलो. म्हटलं, "ट्रक उभे राहतील शेतात, मग बसव कणसरीला ट्रकवर!" बोललो आणि सून हसायची थांबली. लखमीबाई सुपातले दाणे उगाच चाळत राहिली. मग म्हणाली, "असं म्हणते, पावसानं नेलं. चालंल?"

पावसानं नेलं. संपलं नाही, गेलं नाही, कोणीतरी नेलं. नेलेलं परत येऊ शकतं. देवीची हरकत नाही आणि साहेबालाही कळेल. इतका साफ सौदा माझ्या टेबलावरही कधी जमला नव्हता. मी तिच्याकडून तो शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतला. ती शाळेतल्या मुलीसारखी म्हणाली, "पावसानं नेलं."

सोमवारी ती स्वच्छ लुगडं नेसून आली. साहेबांनी तिला खुर्ची दिली. ती खुर्चीच्या पुढच्या कडेवर टेकली. तलाठी मधे उभा राहिला, मला दाराशी थांबवलं. तलाठ्यानं विचारलं, "मावशी, भाताचं काय झालं?"

ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "पावसानं नेलं."

साहेबांनी पेन उचललं. मग त्यांनी पेन तसंच धरून तलाठ्याला काहीतरी विचारलं, आणि तलाठ्यानं तिला विचारलं, "मावशी, त्या दिवशी तर तू दुसरं म्हणाली होतीस. हे तुला कोणी शिकवलं का?"

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, उलट कौतुक होतं. म्हणाली, "हो. या भावानं सांगितलं, असं म्हण. लई मेहनत घेतली त्यानं."

"आणि तू काय म्हणतेस?"

"मी? मी म्हणते, वाढलं."

या वेळी कोणी हसलं नाही. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मला म्हणाले, "धुळेवाले, बूढी औरत को तो छोड देते." बस एवढंच. त्या दिवशी मी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं असं अजून वाटतं.

माझं म्हणणं आजही तेच आहे. मी तिला खोटं शिकवलं नाही. मी भाषांतर केलं. तिच्या देवीला चालेल आणि तुमच्या कागदाला कळेल अशा भाषेत एक खरी गोष्ट नेऊन ठेवली. तेच काम एखाद्या शिकलेल्या माणसानं खुर्चीत बसून केलं असतं तर त्याला जाणकार म्हटलं असतं. मी झाडाखाली बसून केलं म्हणून दलाली झाली. इतक्या वर्षांत मी वाकलेल्याचं पडलेलं केलं ते सगळं मान्य झालं, आणि जे नुसतं होतं तसं सांगितलं ते तेवढं अमान्य झालं. हा हिशेब मला कोणी समजावून द्यावा.

बाहेर आल्यावर लखमीबाईनं विचारलं, "झालं ना काम?" मी हो म्हटलं. बसमध्ये बसवून दिली. यादी गेली, तिच्या शेजाऱ्याला मदत आली. खरं तर शेजाऱ्याचं भात हिच्यापेक्षा कमी सडलं होतं, पण पंचनाम्याच्या वेळी त्याचा मुंबईकडचा जावई घरी होता आणि त्यानं सरळ 'बरबाद' असा शब्द वापरला.

पुढं कचेरीच्या फाटकावर दलालांना मज्जाव असल्याची पाटी लागली. अर्ज मोबाइलवर आले. बदामाखालची जागा पार्किंगला गेली. पाटीवर माझं नाव नव्हतं, पण येणारा जाणारा पाटी वाचून माझ्याकडं बघायचा.

मध्यंतरी कामासाठी खडोलीकडं गेलो होतो. लखमीबाईच्या शेतात मुरूम टाकून सपाट केलंय, बांध ओळखू येत नाही. ट्रक ओळीनं उभे. रस्त्याच्या कडेला ती बसली होती, समोर टोपलीत काकड्या. ट्रकचे ड्रायव्हर तिला मावशी म्हणून हाका मारत होते. काकड्या विकतच्या होत्या, तिनंच सांगितलं. विचारायचं नव्हतं, तरी तोंडातून गेलं, "आणि शेत?"

तिनं ट्रकांकडं मान वळवली. मग माझ्याकडं बघून हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाली, "वाढलं, भाऊ."

लेख कधीपर्यंत द्यायचा ते विचारायला परवा संपादकांकडं गेलो. शेवटी लेखकाचा परिचय छापतात, म्हणून त्यांनी विचारलं, "सध्या काय करता?" मी म्हटलं, "काही नाही. दुकान वाढवलं."

"अरे वा! अभिनंदन!" त्यांनी उठून हात मिळवला. "या वयात! नवी जागा कुठं घेतलीत?"

आपला माणूस, आपली भाषा, मंडळाचा संपादक. डोकं फिरायला हवं होतं, फिरलं नाही. म्हटलं, "खडोलीच्या पुढं. ट्रक उभे असतात ना, तिथंच."

त्यांनी ते लिहून घेतलं. तसंच छापून येईल. हा लेख ज्यांनी इथवर वाचला, त्यांनी तो परिचय नीट वाचावा.